घरातलं महावितरण

कात्रजचा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकून साताऱ्याच्या दिशेनं निघालं की चेलाडी फाट्याला उजव्या हाताला नसरापूरचा रस्ता फुटतो. बनेश्वराला जाणारे, राजगड-तोरण्याला जाणारे आणि वेल्ह्याकडे आपल्या घरी जाणारे, सगळे इथंच वळतात. जिथं भातखाचरं होती तिथं आता एनए प्लॉटिंगच्या पाट्या आहेत आणि पाट्यांमागे बंगले. त्यातल्या काही बंगल्यांत एक खास नमुना नांदतो. दिवसा तो चारचौघांसारखाच दिसतो: वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, शिरवळच्या कंपनीत नाहीतर पुण्यात नोकरी, दारात चारचाकी, अंगणात तुळस. खरी ओळख पटते ती दिवेलागणीला. बंगल्याचा हॉल आधी जांभळा होतो, मग पोपटी होतो, मग एकदम अंधार पडतो आणि त्या अंधारातून आवाज येतो, "बटण कुणी बंद केलं?" सोयीसाठी आपण याला प्रकाशराव म्हणू. हा कुणी एक माणूस नव्हे. नसरापुरात आहे तसा तो कोथरूडला आहे, वाघोलीला आहे आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही आहे. तिथं लाइट कमी वेळा जाते, एवढाच काय तो फरक.

प्रकाशरावांबद्दल लोकांचं मत ठरलेलं असतं. पैसा आला, षोक सुचला. लहानपणी जत्रेतले दिवे बघून राहिलेली हौस माणूस आता फेडून घेतोय. थट्टा करणारे एवढ्यावर थांबतात आणि तिथंच त्यांचं चुकतं. रंग बदलणाऱ्या बल्बमागची ओढ रंगाची आहे असं मला मुळीच वाटत नाही. प्रकाशरावांना घरात रंग नको आहेत, वितरण हवं आहे. कुठल्या खोलीत किती उजेड, किती वाजेपर्यंत आणि कुणाच्या परवानगीनं, हे ठरवायची जी खुर्ची बटणानं घरातून काढून घेतली होती, ती त्यांना परत हवी आहे. रंग हे या मागणीसोबत जोडलेलं शिफारसपत्र आहे. हे म्हणणं वरवर फार ताणलेलं वाटेल, म्हणून पुरावा एकेक करून पाहू.

आधी खरेदी. साधा बल्ब घ्यायला बाजारपेठेतल्या दुकानात एक मिनिट पुरतं. दुकानदार विचारतो, "नऊचा का बाराचा?" गिऱ्हाईक सांगतं, दुकानदार काउंटरवरच्या होल्डरला लावून पेटवून दाखवतो, व्यवहार संपला. प्रकाशरावांचा व्यवहार पाडव्याला सुरू होतो आणि दसऱ्याच्या सुमाराला आटोपतो. पहिला मुद्दा होल्डरचा. आपल्याकडे घरोघरी पिनांचा बी-बावीस होल्डर. बाहेरच्या जगात बराचसा कारभार आट्यांच्या बल्बवर. अमेरिकेतला भाचा मामासाठी प्रेमानं बल्ब घेऊन येतो तो आट्यांचा असतो, वर १२० व्होल्टचा असतो, आणि आपल्या २३० व्होल्टवर तो लावायचा म्हणजे भाच्याचं प्रेम एका क्षणात झळाळून विझायचं. दुसरा मुद्दा वायफायचा. असले बहुतेक बल्ब २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या, संथ पट्ट्यावरच बोलतात. प्रकाशरावांनी जास्तीचे पैसे भरून घेतलेला ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा त्यांना दिसतच नाही. तिसरा मुद्दा झिगबीचा, म्हणजे बल्बांनी आपापसात निरोप पोचवायचा आणि मध्ये एक ब्रिज नावाची डबी ठेवायची. फिलिप्सनं २०१२ च्या ऑक्टोबरात ह्यू बाजारात आणला तो याच पद्धतीनं: तीन बल्ब आणि एक ब्रिज, १९९ डॉलर. पुढे २०२२ साली सगळ्या कंपन्यांचे बल्ब एकाच भाषेत बोलावेत म्हणून 'मॅटर' नावाचं मानक आलं, तेव्हा प्रकाशरावांनी जमवलेली यादी फाडून नवी करायला घेतली. शिवाय लुमेन, केल्विन, सीआरआय. पायाचा खड्डा किती फूट घ्यायचा हे त्यांनी गवंड्यावर सोडलं होतं. बल्बाचा सीआरआय ऐंशी की नव्वद हे त्यांनी कुणावरही सोडलं नाही.

एवढ्या अभ्यासानंतर घरात येतात ते एक कोटी सदुसष्ट लाख रंग. हा आकडा फुगवलेला नाही, गुणाकार आहे: लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, तिन्ही मिळून १,६७,७७,२१६. त्यातले शेजारशेजारचे रंग माणसाच्या डोळ्याला वेगळे कळत नाहीत ही गोष्ट सोडून देऊ. हे रंग मिळवायला विज्ञानाला किती खस्ता खाव्या लागल्या तेही थोडक्यात सांगतो: लाल उजेड देणारा एलईडी १९६२ सालीच झाला, पण चांगला झगझगीत निळा हाती यायला १९९० चं दशक उजाडलं, आणि त्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. इतक्या मोलाचा निळा प्रकाशरावांच्या घरात किती वेळ लागतो? पाहुणे येतात तेव्हा. पाहुणा चपला काढून आत आला की पाणी यायच्या आधी निळा येतो, मग लाल, मग "हे बघा, गाण्याबरोबर नाचतो पण." पाहुणा "वा" म्हणतो, वहिनी आतून म्हणतात, "आता पांढरा करा, चहा आणायचाय," आणि पांढरा होतो. एरवी वर्षभर हॉलमध्ये पांढरा आणि झोपायच्या खोलीत पिवळसर, एवढे दोनच रंग नोकरीला असतात. यात वहिनींचा अरसिकपणा नाही. रंगीत उजेडात बल्बाची ताकद पांढऱ्याच्या मानानं पुष्कळ उतरते, आणि निळ्या उजेडात कोथिंबीर, लाल पोहे आणि मुलाच्या पायाची जखम या तिन्ही गोष्टी एकाच छटेच्या दिसतात. घर ही मुख्यतः निवडण्या-टिपण्याची जागा आहे. तिथं उजेड खरा लागतो. आणि नुसता रंगच हवा होता तर झिरोचा बल्ब होताच. लाल, हिरवा, निळा, हवा तो मिळायचा. नाव झिरो असलं तरी पंधरा वॅट खायचा आणि तक्रार न करता रात्रभर जळायचा. त्या बल्बाचं कौतुक सांगत कुणी पाहुण्यांना थांबवून घेतल्याचं ऐकिवात नाही. कारण उघड आहे. तो कुणीही लावू शकत होतं.

मुद्दा इथं सुरू होतो. कंदिलाच्या काळात उजेड ही घरातल्या वडीलधाऱ्यांची मालमत्ता होती. रॉकेल रेशनवर, काच पुसायची एकानं, वात कातरायची एकानं आणि वात किती वर घ्यायची हे ठरवायचं आजोबांनी. अभ्यास करणाऱ्या पोरानं वात जरा वर घेतली की काच काजळते आणि आजोबा खाकरतात. वीज आली, भिंतीवर बटण आलं आणि ही सत्ता एका रात्रीत गेली. बटणाला वय नाही, जात नाही, मान नाही. सासूनं लावलेला दिवा सून विझवू शकते, बापानं विझवलेला दिवा पोरगं लावू शकतं, कामाला आलेल्या बाईला दिवा लावण्याआधी कुणाला विचारावं लागत नाही. जिन्याचं वायरिंग पाहा. खाली एक बटण, वर एक बटण, दिवा एकच. खालच्यानं लावलेला वरच्यानं विझवावा आणि दोघांनाही एकमेकांचं तोंड बघावं लागू नये. टू-वे स्विचइतकी समतेची वस्तू घरात दुसरी नाही. शिवाय बटण शिकवावं लागत नाही. नसरापूरच्या बनेश्वराच्या देवळात १६८३ हे साल आणि क्रूस कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली. चर्चमधून देवळात आली, धर्म बदलला, मुलूख बदलला, पण ती वाजवायला कुणाला खातं उघडावं लागलं नाही. चांगली वस्तू अशी असते: हात लावला की तिचं काम कळतं.

स्मार्ट बल्बानं नेमकं हेच उलटवलं. हा बल्ब फोनवरून चालायचा असेल तर त्याला चोवीस तास वीज मिळत राहायला हवी, म्हणजे भिंतीवरचं बटण कायम चालू राहायला हवं. कुणी सवयीनं बटण बंद केलं की बल्ब मेला. मग प्रकाशरावांनी फोनवर कितीही बोटं घासली तरी उपयोग नाही. झिगबीचा असेल तर आणखी पंचाईत. बल्ब एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, त्यामुळे मधल्या खोलीतलं बटण बंद झालं की मागच्या खोलीतलाही बेपत्ता होऊ शकतो. म्हणून घरात पहिला वटहुकूम निघतो: बटणाला हात लावायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात बटणांवर सेलोटेप चिकटते. तिसऱ्या आठवड्यात तिच्यावर मार्करनं फुली मारली जाते, कारण टेप कुणीतरी काढलेली असते. आता दिवा लावायचा असेल तर ॲप हवं, ॲपमध्ये खातं हवं, आणि खात्यात दोन दर्जे असतात. मालक एक, बाकीचे सदस्य. सदस्याला दिवा लावता येतो. नवा बल्ब जोडणं, वेळापत्रक बदलणं आणि दुसऱ्याला सदस्य करून घेणं मालकाकडे. प्रकाशरावांची आई तर सदस्यही नसते, कारण तिचा फोन बटणांचा आहे. मुक्कामाला आलेला साडू रात्री अकराला दिवा कसा विझवायचा या विवंचनेत पडून राहतो आणि शेवटी डोळ्यांवर टॉवेल घेऊन झोपतो.

यापुढे प्रकाशरावांचं महावितरणाशी असलेलं साम्य लपत नाही. जुन्या वीज मंडळाचे २००५ च्या जूनमध्ये तुकडे झाले: निर्मितीची कंपनी वेगळी, पारेषणाची वेगळी, वितरणाची वेगळी. बंगल्यात हे सुधारणेचं वारं पोचलेलं नाही, तिन्ही खाती एकाच गृहस्थाकडे. वायरमनला विचारलं की तो आभाळाकडे बोट करून "वरनंच गेलीय" म्हणतो. प्रकाशरावही तेच म्हणतात, फक्त त्यांचं 'वर' म्हणजे कुठल्यातरी परदेशातला सर्व्हर असतो. शेतीपंपाला चक्राकार पद्धतीनं कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री दहा तास वीज मिळते आणि शेतकरी आपली झोप त्या वेळापत्रकाला बांधतो. इथं साडेदहा वाजले की घरभरचे दिवे आपोआप वीस टक्क्यांवर येऊन तांबूस होतात, मग कुणाचा दहावीचा पेपर असो की कुणाच्या सुईत दोरा ओवायचा राहिलेला असो. रात्री निळसर पांढऱ्या उजेडानं झोपेचं गणित बिघडतं हे शास्त्र त्यांच्या बाजूला आहे, आणि प्रकाशराव ते ऐकवतात. न्हाणीघरात हालचाल टिपणारा सेन्सर बसवलेला असतो. दोन मिनिटं हालचाल दिसली नाही तर दिवा जातो. संडासाला बसलेला माणूस फारशी हालचाल करत नसतो, ही बाब ते यंत्र बनवणाऱ्यानं विचारात घेतलेली दिसत नाही; त्यामुळे बंद दाराआड मधूनमधून हात हवेत फिरवावे लागतात. तक्रार केली तर नोंद होते. "बघतो रविवारी," हे त्या नोंदीचं उत्तर.

खऱ्या महावितरणाची या धाकट्या भावावर खास मर्जी नाही, हे पावसाळ्यात कळतं. सह्याद्रीच्या कुशीतला हा टापू. जून लागला की फांदी तारेवर पडते, डीपीवरचा फ्यूज उडतो, एक फेज जातो. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा घाटाकडेच्या तालुक्यांत खांबच्या खांब आडवे झाले होते. जवळच भाटघरच्या धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचं वीजघर आहे, पण तालुक्यात वीज तयार होते म्हणून तालुक्यात लाइट राहील असा काही विजेचा कायदा नाही. साध्या बल्बाला याचं सुखदुःख नसतं: आली की पेटतो, गेली की विझतो. स्मार्ट बल्ब मात्र स्मरणशक्तीचा माणूस. त्याला नव्यानं जोडायची खूण म्हणजे तीन वेळा, किंवा कंपनीप्रमाणे पाच वेळा, झटपट बंद-चालू करणं. आणि आषाढातल्या वादळी संध्याकाळी लाइट तीन वेळा लुकलुकण्याइतकी नेहमीची गोष्ट दुसरी कुठली आहे? लुकलुकली, की बल्ब समजतो आपल्याला नवा मालक मिळाला. तो मागचं सगळं विसरून अनोळखी पोरासारखा डोळे मिचकावू लागतो आणि त्याच्याबरोबर घरातले बाकीचेही. रात्री गेलेली लाइट दोन वाजता येते तेव्हा आणखी मजा: वीज परत आल्यावर पूर्ण पांढऱ्या उजेडानं पेटायचं, अशी पुष्कळ बल्बांना जन्मजात सवय असते. दोन वाजता सगळा बंगला लग्नघरासारखा उजळतो, कुत्री भुंकतात, आई उठून बसते आणि "कोण गेलं?" विचारते. इन्व्हर्टर असतो, त्यावर राउटरही असतो. पण इंटरनेटवाल्याच्या खांबावरच्या डबीला इन्व्हर्टर नसतो. सर्व्हरशी बोलता येत नाही म्हणून दिवा लागत नाही. वीज आहे, बल्ब आहे, माणूस आहे, आणि अंधार आहे.

यावर प्रकाशरावांची बाजू घेणारे पहिला आक्षेप काढतात तो काटकसरीचा. ऑफिसातून बसल्या जागी विसरलेला दिवा बंद करता येतो, हे बिलात दिसत नाही का? हिशेब मांडू. नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला १.३५ युनिट. आता बंद असलेला स्मार्ट बल्ब खरोखर बंद नसतो; हुकमाची वाट बघत तो जागा असतो आणि त्या जागरणाला थोडी वीज खातो. ती अर्धा वॅट धरली तर महिन्याला ०.३६ युनिट. घरात बारा बल्ब असतील तर ४.३२ युनिट नुसती वाट बघण्यात जातात. तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा एक साधा बल्ब ४८० तास जळेल, म्हणजे महिनाभर रोज सोळा तास. थोडक्यात, कुणीतरी रोज सकाळी सहाला दिवा लावून रात्री दहापर्यंत विसरावा, तेव्हा कुठं प्रकाशरावांची काटकसर बरोबरीत येते. शिवाय बल्बाची किंमत वेगळीच. सरकारनं २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू केली, पुढे तीत नऊ वॅटचा एलईडी सत्तर रुपयांना मिळू लागला आणि देशभरात असे ३६ कोटींहून अधिक बल्ब गेले. विजेची खरी बचत झाली ती त्या मुक्या बल्बांनी. त्यांना कुणी स्मार्ट म्हटलं नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, गुडघे गेलेल्या म्हातारीला, हात न चालणाऱ्याला नुसतं बोलून दिवा लावता येणं ही केवढी मोठी सोय! मान्य, शंभर टक्के मान्य. ज्या घरात ही गरज आहे त्या घराला हा लेख लागू नाही. पण प्रकाशरावांच्या घरात ही सोय कुणाच्या वाट्याला आली ते बघा. गुडघे दुखतात आईचे, आणि बोलून दिवे लावतात प्रकाशराव, ज्यांना आठवड्यातून दोनदा राजगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल मारता येते. आईची अडचण भाषेची. अलेक्सा २०१९ साली हिंदी शिकली, तेव्हा मराठी काही तिच्या अभ्यासक्रमात नव्हती. फोनवरच्या गूगलला २०१८ पासून मराठी कळते, पण फोन प्रकाशरावांच्या खिशात. त्यामुळे दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून हिरिरीनं बोलणारा हा गृहस्थ रोज संध्याकाळी स्वतःच्या घरात उभा राहून म्हणतो, "अलेक्सा, हॉल की लाइट चालू करो." आईनंही एकदोनदा प्रयत्न केलेला असतो. "ए बाई, जरा दिवा लाव की," एवढ्या गोड बोलण्यावर शेजारीण धावत आली असती. या आईला खरोखर उपयोगी पडेल अशी वस्तू कधीच निघालेली आहे: पलंगाच्या डोक्याशी, हात पोचेल अशा उंचीवर एक जादा बटण. शे-दोनशे रुपयांत वायरमन तासाभरात बसवून जातो. ते बसत नाही, कारण त्यात प्रकाशरावांना करण्यासारखं काही उरत नाही.

तिसरा आक्षेप सणाचा. दिवाळी, गौरी-गणपती, त्रिपुरी पौर्णिमा; उजेडाची हौस मराठी घराला काल लागलेली नाही, मग एकट्या प्रकाशरावांनाच का धरायचं? गणपतीच्या दिवसांत हे बल्ब आपली किंमत वसूल करतात हे मी मोकळेपणानं कबूल करतो. मखरामागचा उजेड आरतीला केशरी आणि नंतर मंद करता येतो, त्यानं मूर्ती खुलते. पण त्या दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट घडते. रंग कुठला हवा यावर घरातली पाच पोरं भांडतात, आत्या मध्ये पडते, फोन या हातातून त्या हातात जातो आणि प्रकाशराव कोपऱ्यात उभे राहून "अरे, हळू, सेटिंग बदलेल" म्हणत कासावीस होतात. रंग सर्वांत जास्त वापरले जातात ते दिवस त्यांना सर्वांत कमी आवडतात. रंगाची हौस असलेला माणूस असा वागता ना. आषाढ अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे असतात. त्या दिवशी वहिनी समया, निरांजनं, जुना कंदीलसुद्धा मांडतात, आणि वर्षातून एकदाच प्रकाशरावांच्या बारा दिव्यांपैकी एकालाही पाटावर जागा मिळत नाही. ते याबद्दल बोलत नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांचा हॉल जरा जास्तच जांभळा असतो.

आणखी एक म्हणणं उरतं, आक्षेपापेक्षा विनवणीसारखं: जाऊ द्या हो, कुणाचं काय बिघडतं? जुगार नाही, दारू नाही, बल्ब तर आहेत. या विनवणीला मी अर्धा वश आहे. ज्या माणसाचा दिवस महामार्गावर कंटेनरच्या मागे जातो, ज्याची शिफ्ट दुसरं कुणी ठरवतं, ज्याच्या बंगल्याचा हप्ता बँक ठरवते आणि ज्याच्या मुलानं कुठल्या क्लासला जायचं हे मुलाचे मित्र ठरवतात, त्याला घरी आल्यावर आपण म्हटल्याबरोबर ऐकणारी एखादी वस्तू हवीशी वाटली तर त्यात वावगं काय? काहीच नाही. फक्त ती वस्तू त्यानं अशी निवडली की तिनं त्याचं ऐकावं म्हणून बाकीच्या पाच जणांनी बटणावरचा हात काढून घ्यावा लागतो. एकट्याच्या टेबलावरच्या दिव्यात त्यानं एक कोटी सदुसष्ट लाख रंग भरले असते तरी मी हा लेख लिहिला नसता.

माझ्या बाजूचा शेवटचा आणि मला निर्णायक वाटणारा पुरावा स्मार्ट स्विचचा आहे. या सगळ्या कटकटीवर उपाय निघून बरीच वर्षं झाली. काड्यापेटीएवढं एक रिले भिंतीतल्या बोर्डामागे बसतं. मग बटण पूर्वीसारखंच राहतं, आजीनं दाबलं तरी दिवा लागतो, फोनवरून सांगितलं तरी लागतो, इंटरनेट गेलं तरी हातानं लागतोच. एका रिलेवर हॉलमधले चार साधे बल्ब चालतात, म्हणजे चार महाग बल्बांचे पैसे वाचतात. त्याला बोर्डात न्यूट्रल लागतो. अमेरिकेतल्या जुन्या घरांत तो मिळत नाही म्हणून तिथले लोक अडतात, पण आपल्याकडे बोर्डातच प्लगची जागा असते, त्यामुळे न्यूट्रल बहुधा हजर असतो. गैरसोय म्हणाल तर एकच, रंग बदलत नाहीत. प्रकाशरावांनी या वस्तूबद्दल वाचलेलं असतं, तिच्यावर एक तास बोलताही येतं त्यांना. मग घेत का नाहीत? "त्यात रंग नाही ना," ते म्हणतात. वर्षभर पांढरा आणि पिवळसर लावणारा माणूस हे म्हणतो. रंगाचं महत्त्व एवढंच की ती एक गोष्ट भिंतीवरच्या बटणाला जमत नाही. बटण लावू शकतं, विझवू शकतं, पण जांभळा करू शकत नाही. आणि जोवर दिवा जांभळा होऊ शकतो तोवर बटणावर टेप असायला कारण आहे.

या राज्यातही एक प्रदेश अजून खालसा झालेला नाही: स्वयंपाकघर. तिथं वहिनींनी लावलेली ट्यूब आहे, पांढरी, सरळ, तिचं बटण ओट्याच्या वर आणि त्यावर तेलकट बोटांचे ठसे. ॲपमध्ये 'किचन' नावाची खोली आहे, पण तिच्यात एकही उपकरण नाही. प्रकाशराव तिकडे वळत नाहीत. त्यांची नजर सध्या पंख्यांवर गेली आहे. बीएलडीसी पंख्यात मात्र बचत खरी आहे, साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो तिथं हा तिसाच्या आसपास भागवतो, आणि हा आकडा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. भिंतीवरचा रेग्युलेटर या पंख्याला चालत नाही, तो काढून टाकावा लागतो, याचंही त्यांना समाधान आहे. वायरमन येऊन रेग्युलेटरच्या जागी कोरी पट्टी बसवून गेलासुद्धा. फक्त खोक्यात पंख्याबरोबर एक छोटा रिमोट निघाला, आणि प्रकाशराव ॲपमध्ये पंखा जोडत होते तेवढ्यात तो आईनं उचलून उशीखाली ठेवला.